स्किलेटच्या 'रेव्होल्यूशन'मधे धर्म जास्त नाही झाला, कमी झालाय

स्किलेट या अमेरिकन ख्रिस्ती रॉक बँडचा 'रेव्होल्यूशन' 1 नोव्हेंबर 2024 ला आला आणि तेव्हापासून या अल्बमवर दोनच प्रकारचं बोलणं कानावर येतं. एक गट म्हणतो बँड आता फार उपदेश करायला लागलाय, आम्ही गिटार ऐकायला आलो होतो, प्रवचन नाही. दुसरा गट म्हणतो शाब्बास, एवढ्या मोठ्या बँडने उघडपणे विश्वासाची बाजू घेतली, आज एवढी हिंमत कोण दाखवतं. मला दोन्ही पटत नाही. माझी तक्रार बरोबर उलटी आहे. या अल्बममधे धर्म जास्त झालेला नाही, कमी झालाय, आणि जी जागा रिकामी झाली तिथे भलतंच काहीतरी, 'आम्ही विरुद्ध ते' असं काहीतरी, येऊन बसलंय, ज्याला ऐकणारे आणि बहुतेक गाणारेसुद्धा धर्मच समजतायत.

ज्यांना बँड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या मेम्फिसमधे 1996 ला हे लोक सुरू झाले. जॉन कूपर गातो आणि बेस वाजवतो, त्याची बायको कोरी गिटार आणि कीबोर्डवर, ड्रमवर जेन लेजर जी मूळची इंग्लंडची आणि गातेसुद्धा झकास, आणि लीड गिटारला सेथ मॉरिसन. 2009 चा 'अवेक' अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या मुख्य अल्बम यादीत थेट दुसऱ्या नंबरवर आला होता. त्यातलं 'मॉन्स्टर' तर आयुष्यात चर्चची पायरी न चढलेल्या पोरांच्या जिमच्या प्लेलिस्टमधे आजही सापडतं. हे सोपं नाहीये. अमेरिकेत ख्रिस्ती संगीताचा बाजारच वेगळा आहे, रेडिओ स्टेशनं वेगळी, टूर वेगळ्या, बक्षिसं वेगळी, आणि त्यातून बाहेर येऊन मोठ्या मेटल फेस्टिव्हलला हजारो अनोळखी लोकांसमोर दोन गाण्यांच्या मधे थांबून येशूबद्दल बोलणं आणि तरी पुढच्या वर्षी परत बोलावणं येणं, हे फार थोड्यांना जमलं. म्हणून स्किलेट काय बोलतं याला महत्त्व आहे. एखाद्या गल्लीतल्या बँडने हेच केलं असतं तर मी एक ओळ लिहिली नसती.

आधी एक जुनं भांडण बाजूला काढतो, कारण मी टीका केली की लगेच कोणीतरी म्हणणार, तुमच्यासारख्यांना रॉकमधे देवाचं नावच चालत नाही. चालतं. अगदी मनापासून चालतं. 1969 मधे लॅरी नॉर्मन या अमेरिकन गायकाने रॉक आणि येशू एकत्र आणले तेव्हा चर्चमधल्या वडीलधाऱ्यांनी कपाळावर हात मारला. ऐंशीच्या दशकात स्ट्रायपर नावाचा बँड काळे-पिवळे पट्टे घालून, केस फुगवून स्टेजवर यायचा आणि गर्दीत नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, फेकायचा, आणि यशया 53:5 हे बायबलमधलं वचन त्यांच्या नावाखालीच छापलेलं असायचं. टीव्हीवरच्या प्रचारकांनी त्यांना काय काय म्हटलं त्याला सुमार नाही. खुद्द कूपरच्या घरात रॉक म्हणजे सैतानाचं संगीत असंच वातावरण होतं. अशा घरातून आलेल्या पोराने बेस गिटार गळ्यात अडकवून प्रभूचं नाव घेतलं यात मला कौतुकच वाटतं.

आणि आपण मराठी लोकांनी तर या भांडणात पडूच नये, आपलं उत्तर चारशे वर्षांपूर्वी देऊन झालंय. 1616 मधे गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत छापली, म्हणजे जी ओवी लोकांच्या कानात ज्ञानेश्वर-एकनाथांमुळे बसलेली होती तीच घेतली. पुढे नारायण वामन टिळक 1895 ला ख्रिस्ती झाले आणि त्यांनी अभंग, भजन, कीर्तन सगळं उचलून चर्चमधे आणलं. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणायचे. आमच्या नगरकडच्या चर्चमधे आजही टाळ-तबल्यावर त्यांची भजनं होतात आणि त्याच बाकांवर बसलेली मुलं उपासना संपल्यावर गेटबाहेर उभी राहून कानात स्किलेट लावतात, मी पण त्यातलाच. तेव्हा चाल कुठली, वाद्य कुठलं, आवाज किती मोठा, हा माझा मुद्दाच नाही. मुद्दा असा की त्या चालीवर बसून कोण कोणाशी काय बोलतंय.

आता 'मॉन्स्टर' घ्या. हे गाणं लोकांना हॅलोविनचं वाटतं, डब्ल्यूडब्ल्यूईच्या व्हिडिओंना लावतात, ठीक आहे. पण नीट ऐकलं तर त्यात एक माणूस सांगतोय की माझ्या आत काहीतरी आहे जे मी कोंडून ठेवलंय, कोणाला दिसू देत नाही, आणि ते मला आवरत नाहीये. त्यात दुसऱ्या कोणावर आरोप नाही. सगळा राग, ती कापत जाणारी गिटार, तो ड्रमचा मार, सगळं स्वतःच्या आतल्या गोष्टीवर आहे. येशूचं नाव एकदाही येत नाही आणि तरी मी म्हणेन की गेल्या वीस वर्षांत रेडिओवर वाजलेल्या गाण्यांमधे याच्याइतकं ख्रिस्ती गाणं फार कमी असेल, कारण हा थेट येशूचा प्रेषित पौल आहे, बायबलमधलं रोमकरांस पत्र, अध्याय 7, जिथे तो म्हणतो की मला जे चांगलं करावंसं वाटतं ते माझ्या हातून होत नाही आणि जे नको तेच मी करून बसतो. पौलासारखा माणूस हे स्वतःबद्दल लिहितो. पापाची जाणीव हीच तर सुरुवात आहे, तीच नसेल तर तारणारा हवा कशाला?

आणि त्याच अल्बममधलं 'हीरो'. कूपर आपली हतबलता सांगत सांगत वर चढतो आणि मग जेन लेजरचा आवाज येतो, ड्रम वाजवता वाजवता, मला वाचवणारा कोणीतरी हवाय म्हणून, शाहिराच्या मागे झीलकरी उभा असतो ना, शाहीर दमला की तो सूर उचलून धरतो, तसा तो आवाज येतो. दोघं मिळून मागतात. यात आम्ही जिंकलो असं कुठेही नाही, उलट हरत चाललोय असं आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला, ज्याचं घरी काहीतरी बिनसलंय, ज्याला रात्री झोप येत नाही, त्याला हे गाणं का धरून ठेवतं ते यात आहे. त्याला कोणीतरी सांगितलं की तू एकटा तुटलेला नाहीस, स्टेजवरचा हा माणूसही तुटलेलाच आहे.

यावर कोणी म्हणेल की अहो, त्याच 'अवेक'मधे 'अवेक अँड अलाइव्ह' आहे आणि त्यात तर उघड म्हटलंय की माझं जगाशी युद्ध चाललंय, मग 'आम्ही विरुद्ध ते' आज आलं असं कसं म्हणता. बरोबर, म्हटलंय. पण पुढे ऐका ना. जगाशी युद्ध म्हटल्यावर लगेच तो कबूल करतो की माझाच विश्वास मला सापडत नाहीये, मी तुझ्या हातातून निसटतोय. म्हणजे लढाई दोन ठिकाणी आहे आणि आतल्या ठिकाणी तो हरायला आलाय. तुकोबांनी हे एका ओळीत सांगून ठेवलंय, 'रात्रंदिवस आम्हां युद्धाचा प्रसंग, अंतर्बाह्य जग आणि मन'. जग आणि मन. दोन्ही. त्यातलं मन काढून टाकलं आणि नुसतं जग ठेवलं की तीच ओळ युद्धाची घोषणा होते. माझ्या मते 2009 ते 2024 मधे स्किलेटचं नेमकं हेच झालंय.

'रेव्होल्यूशन'चं पहिलं गाणं बाहेर आलं ते 'अनपॉप्युलर'. आशय असा की गर्दी सांगेल त्यामागे जाणार नाही, खरं तेच बोलणार, नावडते झालो तर झालो. गाणं म्हणून फक्कड आहे, रिफ, म्हणजे गिटारचा परत परत येणारा तुकडा, डोक्यातून जात नाही, खोटं कशाला बोलू. मग 'ऑल दॅट मॅटर्स', ज्यात तीन गोष्टी एका रांगेत येतात, माझा विश्वास, माझं कुटुंब, माझं स्वातंत्र्य, आणि एवढंच काय ते महत्त्वाचं. इथे मी पहिल्यांदा थांबलो. कुटुंब वाईट आहे का? नाही. स्वातंत्र्य वाईट आहे का? अजिबात नाही. पण या तीन गोष्टी एकत्र बांधून अमेरिकेत कोण वापरतं हे तिथलं राजकारण थोडंफार बघणाऱ्यालाही माहीत आहे, निवडणुकीच्या सभांमधे, बॅनरवर, टी-शर्टवर हीच तीन नावं असतात. आणि त्याहून मोठा प्रश्न श्रद्धेचाच आहे. येशूने विश्वासाला कधी कुटुंबाच्या आणि हक्काच्या रांगेत बसवलं नाही. उलट जो माझ्यापेक्षा आईबापावर जास्त प्रेम करतो तो मला योग्य नाही असं कठोर बोलला, स्वतःचा वधस्तंभ उचलून माझ्यामागे या म्हणाला. ही वचनं मऊ करायची नसतात. तीन चांगल्या गोष्टींपैकी एक म्हणून विश्वास ठेवला की त्यातला ख्रिस्त निघून जातो आणि उरते ती आपली ओळख, आपण कोण, आपल्या घरात कोण, आपल्या हक्कात कोण हात घालतंय एवढंच.

बायबलमधे लूकच्या शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायात येशू एक गोष्ट सांगतो, त्यात दोन माणसं मंदिरात प्रार्थनेला जातात. परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा, म्हणतो, देवा, मी इतरांसारखा नाही म्हणून तुझे आभार. जकातदार, ज्याला लोक पापी समजायचे, मागे उभा राहतो, वर बघायची हिंमत नाही, ऊर बडवून म्हणतो मज पाप्यावर दया कर. येशूने जकातदारालाच नीतिमान ठरवून घरी पाठवलं हे लहान मुलालाही रविवारच्या शाळेत शिकवतात. 'मॉन्स्टर' गाणारा माणूस मागे उभा होता. 'अनपॉप्युलर' गाणारा पुढे येऊन उभा राहिलाय, आणि तो जे बोलतो त्यात काहीही असत्य नसेल तरी त्याची उभं राहायची जागा बदलली, हे मला फार लागलं.

आता कूपरची बाजूही नीट मांडली पाहिजे कारण तो काही बाजारासाठी हे करतोय असं मला वाटत नाही, मनापासून करतोय. प्यू रिसर्च या अमेरिकन संस्थेच्या पाहणीत 2007 मधे अमेरिकेतले 78 टक्के प्रौढ स्वतःला ख्रिस्ती म्हणवत होते, 2023-24 मधे 62 टक्के. एका पिढीत एवढं कमी होणं म्हणजे आपल्याच डोळ्यांसमोर आपल्या शेजारची बाकं रिकामी होताना बघणं आहे. 2019 मधे तिथल्या दोन नावाजलेल्या ख्रिस्ती मंडळींनी, एक लेखक-पाळक आणि एक चर्चच्या उपासनेतली, म्हणजे वरशिपची, गाणी लिहिणारा, आपला विश्वास डळमळला किंवा सुटला असं जाहीर केलं तेव्हा कूपरने एक लांबलचक पोस्ट लिहिली होती जी जगभर फिरली. त्यात त्याने म्हटलं की गायकांना, कूल दिसणाऱ्यांना, इन्फ्लुएन्सरना चर्चमधले सगळ्यात मोठे आवाज बनवणं आपण थांबवलं पाहिजे, आणि कंसात हेही लिहिलं की यात माझ्यासारखे लोकही आले. मला ती पोस्ट तेव्हा आवडली आणि आजही आवडते. नंतर त्याने पुस्तकं लिहिली, पॉडकास्ट चालवतो, 'वोक' म्हणजे वंश, लिंग याबद्दलच्या नव्या पुरोगामी विचारांविरुद्ध उघड बोलतो. त्याचा तो हक्क आहे. पण 2019 ची ती एक ओळ त्याने स्वतःला लावली असती तर 2024 चा अल्बम वेगळा झाला असता असं मला राहून राहून वाटतं.

त्याचे चाहते म्हणतात की बायबलमधले संदेष्टेही, म्हणजे देवाचा निरोप सांगणारे, लोकांना कटू बोलायचे, तेही नावडते होते. मला हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा खोलात जातो. संदेष्टा आमोसचं पुस्तक उघडा. पहिल्या अध्यायात तो शेजाऱ्यांची पापं मोजतो, दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन. ऐकणारे इस्राएली लोक प्रत्येक नावाला माना डोलवत असणार, बरं झालं, त्यांना असंच पाहिजे. आणि मग दुसऱ्या अध्यायात तो मवाब, यहूदा करत करत वळतो तो सरळ इस्राएलकडे, म्हणजे ऐकणाऱ्यांकडेच, आणि म्हणतो तुम्ही गरिबाला एका जोड्याच्या किमतीला विकलंत. तिथे तो नावडता झाला. यिर्मया या दुसऱ्या संदेष्ट्याला चिखलाच्या हौदात टाकलं ते परक्यांनी नाही, त्याच्याच राजाच्या अधिकाऱ्यांनी. संदेष्टे नावडते व्हायचे ते आपल्याच माणसांत. जे लोक तिकीट काढून आलेत, ज्यांना आधीच पटलेलं आहे, ज्यांच्या टी-शर्टवर तेच छापलंय, त्यांच्यासमोर बाहेरच्या जगाला चार शब्द सुनावणं यात नावडतं होण्यासारखं काय आहे? टाळ्या पडतात की. अमेरिकेतल्या ख्रिस्ती श्रोत्यांना आज खरंच कडू लागेल असं काय आहे, पैशाबद्दल, बंदुकांबद्दल, सत्तेच्या जवळ जाऊन बसलेल्या पाळकांबद्दल, चर्चमधे झालेल्या आणि दाबून टाकलेल्या अत्याचारांबद्दल, स्वतःच्या देशाला देव मानण्याबद्दल, त्यावर एक गाणं या बँडने लिहून दाखवावं. ते खरं 'अनपॉप्युलर' होईल.

आणि आता त्यांना अडवणारंही कोणी नाही. 'कोमटोज', 'अवेक' या अल्बमांच्या काळात ते मोठ्या कंपनीसाठी रेकॉर्ड करत होते आणि तेव्हा गाण्यातला 'तू' म्हणजे देव की प्रेयसी हे मुद्दाम मोकळं ठेवलं जायचं असं लोक म्हणायचे. 'रेव्होल्यूशन' त्यांनी स्वतंत्रपणे, आपल्याच हिअर इट लाउड या लेबलवरून काढला. कोणाला विचारायचं नाही, रेडिओवाल्याला काय वाटेल बघायचं नाही. मला वाटलं होतं आता तर ते वधस्तंभाबद्दल, क्षमेबद्दल, शत्रूवर प्रीती करण्याबद्दल सरळ बोलतील, येशूचं डोंगरावरचं प्रवचन डबल बेस ड्रमवर ऐकायला मिळेल. पी.ओ.डी. या बँडने 2001 मधे शाळेतल्या गोळीबारात मेलेल्या मुलांवर गाणं केलं होतं, त्यात उपदेशाचा एक शब्द नाही पण त्या मुलांबद्दलची कळकळ अशी आहे की ऐकवत नाही. विश्वास माणसाला काय करतो ते तिथे कळतं. स्वातंत्र्य मिळाल्यावर स्किलेटकडून मला तशा कशाची तरी अपेक्षा होती.

सगळा अल्बम असा आहे असं मी म्हणत नाही. कूपरने मुलीच्या लग्नासाठी लिहिलेलं एक गाणं आहे, 'हॅपी वेडिंग डे'. लोकांनी त्याला गोडमिट्ट म्हणून बाजूला टाकलं, हार्ड रॉकच्या अल्बममधे हे कशाला म्हणून. मी ते पुन्हा पुन्हा ऐकतो. एक बाप मुलीला निरोप देतोय, त्याला ती लहान असतानाची आठवते, आणि त्याच्या हातात आता काहीच उरलेलं नाही. पूर्ण अल्बममधे हा एकच माणूस मला बिनचिलखताचा भेटला. 'कुटुंब' हा शब्द घोषणेत ओरडून जे झालं नाही ते इथे झालं.

हे सगळं तिकडे अमेरिकेत चाललंय, आपल्याला काय त्याचं, असं वाटू शकतं. पण आपल्याकडे अमेरिकेचं हे सामान आधीही येत होतं. अमेरिकन मराठी मिशनची माणसं 1813 ला मुंबईत उतरली, पुढे नगरला आली, शाळा काढल्या, आणि आमचे पणजोबा त्यांच्याच बाकांवर शिकले. तेव्हा टिळकांसारख्यांनी ते सगळं चाळून घेतलं, ख्रिस्त ठेवला आणि परकेपण बाजूला काढलं. आज तेच सामान मोबाइलवर येतं आणि चाळायला कोणी नाही. 2011 च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात ख्रिस्ती एक टक्क्याच्या जरा आतच आहेत. नगर, पुणे, वसई, कुठेही बघा, आपल्या चर्चच्या तरुण संघातल्या मुलाचा वर्गमित्र, शेजारी, साहेब, सगळे दुसऱ्या धर्माचे. अमेरिकेत जो समाज अजून 62 टक्के आहे तो स्वतःला वेढलेला समजून जे गाणं लिहितो ते गाणं इथला खरोखरचा एक टक्क्यातला मुलगा ऐकतो आणि त्याला वाटतं हे माझ्याचबद्दल आहे. त्याच्या अडचणी खोट्या नाहीत, कुठे प्रार्थनासभेला त्रास होतो, कुठे दाखल्यावरून अडवतात. पण त्या अडचणीत त्याला शेजाऱ्याकडे पाठ फिरवायला शिकवणारं गाणं हवंय की शेजाऱ्यासोबत उभं राहायचं बळ देणारं? आम्ही ख्रिस्ती म्हणून या मातीत टिकलो ते दवाखाने, शाळा, दुष्काळातली मदत आणि शेजारधर्म यावर, आणि आमच्याही डोळ्यातलं मुसळ, म्हणजे जात, जी चर्चच्या आतसुद्धा लग्न जुळवताना हळूच विचारली जाते, ते अजून निघालेलं नाही. त्यावर गाणं कोण करणार?

काही जण म्हणतील, गाणंच तर आहे, एवढं काय मनाला लावून घेता. पाळकांचा उपदेश मुलं आठवड्यातून एकदा ऐकतात आणि बऱ्याचदा अर्धवट ऐकतात, तेच एक गाणं बसमधे, जिममधे, अभ्यास करताना शंभरदा ऐकतात, पाठ होतं, भांडणात तोंडातून तेच शब्द निघतात. आमच्या तरुण संघात 'रेव्होल्यूशन'मधली गाणी बसवायची टूम निघालीय आणि मी त्याला विरोध करणार नाहीये, बसवा, ड्रम चांगले वाजवा. फक्त माझी मागणी आहे की त्याच संध्याकाळी 'मॉन्स्टर' पण बसवायचं, आणि दोन्ही झाल्यावर लूकचा 18 वा अध्याय मोठ्याने वाचायचा, आणि यातलं कुठलं गाणं परूशी गाऊ शकला असता आणि कुठलं जकातदार, यावर मुलांनाच बोलू द्यायचं, मोठ्यांनी मधे पडायचं नाही.